‘आपण काही जातपात मानत नाही गा, पण...’

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका. पूर्ण वाचा, मग भांडू.

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या दोस्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. अमक्या धर्माच्या माणसाच्या ठेल्यावरून फळं-भाजी घेऊ नका, आपला पैसा आपल्याच माणसाच्या घरी गेला पाहिजे, असा तो मेसेज. खाली तिरंगा, त्याखाली हात जोडलेले. पाठवणारा माझा जुना दोस्त. मी विचारलं, “हे काहून पाठवलं गा?” त्याचं उत्तर लगेच आलं. “मी कोनाचा द्वेष करत नाई. आमच्या घराची रंगरंगोटी दरवर्षी मुस्लिम माणूसच करते. आपण काही जातपात, धर्म मानत नाही. पण देशाचा विचार करावा लागते ना बापा.”

तो खोटं बोलत नव्हता, हे मला माहीत आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत हाच माणूस रात्री दोन वाजता ऑक्सिजन सिलिंडरसाठी स्कूटरवर फिरत होता, आणि सिलिंडर कोणत्या धर्माच्या नाकाला लागणार हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मनाने साफ आहे. आणि तरी तो मेसेज त्यानेच पाठवला.

ही दोन्ही कामं एकच माणूस करतो कशी, याचा मी चार दिवस विचार केला. मग लक्षात आलं की ‘मी तसा नाही, पण...’ हे वाक्य माझ्या दोस्ताचं नाहीच. ते आपल्या भंडारा जिल्ह्यात फार जुनं आहे. मी जन्मायच्या आधीपासूनचं. त्याचाच इतिहास आज लिहितो.

१९५४ : एकाच जोडीतला एक जिंकला

तेव्हा भंडारा महाराष्ट्रात नव्हता. जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. गोंदियाही आपल्याच जिल्ह्यात होतं, ते १ मे १९९९ ला वेगळं झालं. त्या मोठ्या भंडारा मतदारसंघात १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि उमेदवार म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

नव्या पोरांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री, आणि ते आपल्याकडे मत मागायला आले होते. १९५२ ला मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून त्यांचा पराभव झाला होता. त्यानंतर ते राज्यसभेवर गेले, पण लोकांमधून निवडून जायची इच्छा राहिली होती. तब्येत खालावली होती. तरी ते या भागात फिरले, सभा घेतल्या.

त्या काळी काही मतदारसंघ दोन जागांचे असायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. आंबेडकरांच्या जोडीला सर्वसाधारण जागेवर होते प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. काँग्रेसकडून सर्वसाधारण जागेवर पूनमचंद रांका आणि राखीव जागेवर भाऊराव बोरकर. म्हणजे हिशेब सोपा होता. आंबेडकरांच्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना आणि दुसरं मेहतांना द्यायचं. मेहतांच्या लोकांनी एक मत मेहतांना आणि दुसरं बाबासाहेबांना.

निकाल लागला. मेहता जिंकले. बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी हरले.

मतपेटी गुप्त असते, त्यामुळे कोणत्या गावाने काय केलं ते आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि कारण एकच नव्हतं, हेही मान्य केलं पाहिजे. नेहरूंचा काळ होता, काँग्रेसचा जोर होता, आणि बाबासाहेब सभांमधून नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडक टीका करत होते. पण आकडा एक गोष्ट सांगतोच. एकाच जोडीतल्या दोघांपैकी मेहतांना मतं जास्त पडली आणि बाबासाहेबांना कमी. मेहतांच्या नावापाशी आलेले सगळे हात बाबासाहेबांच्या नावापर्यंत पोचले नाहीत.

याच निवडणुकीतली आणखी एक गोष्ट सांगितली जाते. बाबासाहेबांच्या काही कार्यकर्त्यांना हा धोका आधीच दिसला होता. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या लोकांनी फक्त एकच मत द्यावं, ते बाबासाहेबांना, आणि दुसरं मत वाया घालवावं. म्हणजे मेहतांची मतं वाढणार नाहीत आणि बाबासाहेब वर राहतील. बाबासाहेबांनी याला नकार दिला. लोकांना मत वाया घालवायला सांगण्यापेक्षा हरलेलं बरं, अशी त्यांची भूमिका होती. आणि ते हरले.

आता कल्पना करा. त्या वर्षी तुम्ही मोहाडीच्या, तुमसरच्या, साकोलीच्या एखाद्या पाटलाच्या छपरीत बसून विचारलं असतं, “काय जी, तुम्ही जात पाहून मत दिलं का?” काय उत्तर आलं असतं? “छे छे! आंबेडकर विद्वान माणूस आहे, मोठा माणूस आहे. आपण काही जातपात मानत नाही. पण...”

त्या ‘पण’नंतर काय यायचं ते दरवेळी वेगळं. कधी ‘पण नेहरूंचे हात बळकट केले पाहिजेत’, कधी ‘पण निवडून येणारा माणूस पाहिजे’, कधी ‘पण आता देशात एकी पाहिजे’. कारणं सगळी चांगलीच. खोटं कोणीच बोलत नव्हतं. फक्त सगळ्यांची बेरीज केली की उत्तर तेवढं एकच यायचं.

घरातली गोष्ट

दुसऱ्याच्या छपरीत जाण्याआधी स्वतःच्या छपरीत बसतो. आमचं घर कुणबी, धानाची शेती. रोवणा लागला की बौद्धवाड्यातल्या बाया यायच्या. आमची आजी त्यांच्याशी अगदी मायेने वागायची. कोणाचं पोरगं आजारी असलं तर स्वतः पैसे द्यायची, लग्नाला लुगडं द्यायची, चुंगडीभर धान द्यायची. पण दुपारी त्या बाया आपापलं जेवण बांधावर बसून खायच्या, आणि त्यांच्या चहाची कपबशी वेगळी असायची, छपरीच्या खुंटीजवळच्या फळीवर.

मी दहा वर्षांचा असताना एकदा ती कपबशी घेऊन आत चहा प्यायला बसलो. आजी ओरडली नाही. फक्त कप हातातून घेतला, दुसऱ्या कपात चहा ओतला आणि म्हणाली, “ते त्यांचं आहे बाबू.”

आजीच्या मनात द्वेष होता का? मी आजही शपथेवर सांगेन, नव्हता. पण फळी होती. आणि फळीवर कप ठेवण्यासाठी मनात द्वेष असावा लागत नाही. सवय असली की पुरते. ही गोष्ट कळायला मला तीस वर्षं लागली.

आपल्यापासून साठ किलोमीटरवर

आता जरा नागपूरकडे जाऊ. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. ज्याला आज आपण हिंदू राष्ट्रवाद म्हणतो त्याची बरीच मुळं याच परिसरात आहेत. आपल्या पोरांना औरंगजेब पाठ असतो, पण हा इतिहास माहीत नसतो.

सावरकरांचं ‘हिंदुत्व’ हे पुस्तक १९२३ साली नागपूरहूनच प्रसिद्ध झालं, टोपणनावाने. १९२५ च्या दसऱ्याला डॉ. हेडगेवारांनी नागपुरात संघ सुरू केला. हेडगेवारांचे मार्गदर्शक असलेले नागपूरचे डॉ. मुंजे १९३१ च्या मार्च महिन्यात रोममध्ये मुसोलिनीला भेटले आणि तिथलं तरुणांचं लष्करी शिक्षण पाहून भारावले. संघाचे दुसरे सरसंघचालक गोळवलकर गुरुजी जन्माने आपल्या शेजारच्या रामटेकचे.

या परंपरेवर टीका करताना एक गोष्ट लोक विसरतात, ती मी विसरणार नाही. जातीबद्दल या परंपरेने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. सावरकरांनी रत्नागिरीत सर्वांसाठी पतितपावन मंदिर उघडलं ते १९३१ साली, आणि सहभोजनंही घडवून आणली. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला संघाचं शिबिर होतं. गांधीजी ते पाहायला गेले. तिथे शिस्त होती आणि शिवाशिव नव्हती, हे पाहून ते प्रभावित झाले आणि पुढे १९४७ ला त्यांनी ते बोलूनही दाखवलं. बाळासाहेब देवरसांनी ८ मे १९७४ ला पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत स्पष्टच सांगितलं की अस्पृश्यता चूक नसेल तर मग जगात काहीच चूक नाही.

हे सगळं खरं आहे. माझा दोस्त याच्याकडेच बोट दाखवतो. म्हणतो, “पाय, आमच्याकडे जात विचारत नाहीत. मग आम्ही द्वेषी कसे?”

आता याच वहीचं दुसरं पान. सावरकरांच्या त्याच पुस्तकात हिंदू कोण याची व्याख्या आहे. ज्याची पितृभूमी आणि पुण्यभूमी दोन्ही भारत, तो. म्हणजे सात पिढ्या पवनीत विणकाम केलेला मुसलमान किंवा ख्रिस्ती माणूस इथलाच असला तरी पूर्ण आपला नाही, कारण त्याची पुण्यभूमी बाहेर. गोळवलकरांच्या नावाने १९३९ साली नागपुरातून एक इंग्रजी पुस्तिका निघाली. राष्ट्र म्हणजे काय हे सांगताना तिने हिटलरच्या जर्मनीतल्या वंशाभिमानाचा दाखला दिला, आणि इथल्या अहिंदूंनी एक तर हिंदू संस्कृतीत मिसळून जावं, नाहीतर कोणताही हक्क न मागता राहावं, असं मांडलं. संघाने पुढे त्या पुस्तिकेपासून अंतर घेतलं, हेही नोंदवतो. पण ती निघाली होती, छापली गेली होती, वाचली गेली होती. १९६९ च्या सुरुवातीला गुरुजींची ‘नवाकाळ’मध्ये मुलाखत आली. तिच्यात चातुर्वर्ण्याची बाजू घेतली म्हणून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. देवरसांचं पुण्याचं भाषण त्याच्या पाच वर्षांनंतरचं आहे. ते भाषण वाचताना हा क्रम ध्यानात ठेवा.

माझ्या मते गुंता इथे आहे. आत बसलेल्यांमध्ये भेद नको, असं म्हणणं चांगलंच. पण ‘आत’ कोण आणि ‘बाहेर’ कोण ही रेघ तीच संघटना ओढणार असेल, तर आतल्या समतेने बाहेरच्याचं काय भलं झालं? फळीवरचा कप बदलला, फळी तिथेच राहिली. आणि गंमत अशी, की आतल्या पंगतीत आपण सगळ्यांसोबत जेवतो म्हणून बाहेरच्याबद्दल काहीही बोलायला आपल्याला परवाना मिळाल्यासारखं वाटतं. ‘आम्ही तर जातही मोडली, मग आम्हाला द्वेषी कसं म्हणता?’

बाबासाहेबांना हे ओळखता येत होतं. फाळणीवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी मुस्लिम लीगच्या राजकारणाची चिरफाड केली, आणि त्याच ग्रंथात, हिंदू राज आलं तर ती या देशावरची सगळ्यात मोठी आपत्ती असेल, असाही इशारा दिला. त्यातलं एकच पान फाडून दाखवणारे दोन्हीकडे आहेत.

बाहेर सांगायची गोष्ट

हा नकार फक्त माणसांचा नसतो, सरकारांचाही असतो. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादाविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघाची जागतिक परिषद भरली. आपल्याकडून दलित संघटनांचे लोक तिथे गेले आणि म्हणाले, जातीचाही विचार इथे व्हावा. केंद्रात वाजपेयींचं सरकार होतं. सरकारची भूमिका अशी, की जात म्हणजे वंश नाही, हा आमचा घरातला प्रश्न आहे, त्यासाठी आमच्याकडे कायदे आहेत.

जात आणि वंश एक नाहीत, हे शास्त्र म्हणून बरोबरच आहे. स्वतः बाबासाहेबांनीही जात वंशातून आली हा सिद्धान्त नाकारला होता. पण त्यांनीच १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. आणि १९७२ साली मुंबईत पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतलं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून, दलित पँथर. मूळ वेगळं असेल, पण मार खाणाऱ्याला वळ ओळखता येतात.

अमेरिकेतही ‘मी तसा नाही, पण...’ म्हणणारे होतेच. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी १९६३ साली काळ्या-गोऱ्यांची फारकत कायम राहील अशी जाहीर शपथ घेतली. तरी ते सांगत राहिले की मी वंशद्वेष्टा नाही. १९६८ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा भाषा बदलली होती, राज्यांचे हक्क आणि कायदा-सुव्यवस्था. पाच राज्यं जिंकले. त्यांना मत देणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जण आरशासमोर म्हणाले असतील की मी द्वेषी आहे? एकही नाही. म्हातारपणी वॉलेस यांनी स्वतःच काळ्या लोकांची माफी मागितली. ज्यांनी मत देताना ‘आपण काही तसे नाही’ म्हटलं होतं, त्यांना मात्र माफी मागायची वेळच आली नाही, कारण त्यांच्या मते त्यांनी काही केलंच नव्हतं.

२९ सप्टेंबर २००६

आता तिथे येतो, जिथे आल्याशिवाय भंडाऱ्याच्या कोणत्याच माणसाला या विषयावर बोलायचा हक्क नाही. खैरलांजी, तालुका मोहाडी.

भोतमांगे कुटुंब. गावात बौद्धांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाचेक एकर शेती. मुलं शिकणारी. शेती असूनही घर कुडामातीचं, कारण पक्कं घर उभं होऊ दिलं गेलं नाही. शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद होता. त्यातच कुटुंबाला मदत करणाऱ्या शेजारच्या गावच्या एका माणसाला मारहाण झाली, सुरेखाताईंनी त्याबद्दल साक्ष दिली आणि काही जणांना अटक झाली. ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी संध्याकाळी जमाव घरावर आला. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर, चौघांना मारून टाकलं. भैयालाल भोतमांगे वाचले, आणि पुढची दहा वर्षं ते वाचलेपण घेऊन जगले.

तारीख लक्षात घ्या. तीन दिवसांनी दसरा होता, धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष. इथून रोज ट्रॅक्टर, बस भरभरून लोक दीक्षाभूमीवर चालले होते.

मग काय झालं? पहिले काही दिवस बातमी जिल्ह्याबाहेर नीट गेलीच नाही. गावातून कुजबुज सुरू झाली ती त्या बाईच्या चारित्र्याची. मग ‘जुना वाद होता’, ‘जमिनीचं भांडण होतं’. नोव्हेंबरात नागपूर, अमरावतीपर्यंत लोक रस्त्यावर आले, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी यामागे नक्षलवादी असल्याची शंका बोलून दाखवली. त्यानंतर तपास सीबीआयकडे गेला. २००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असंही सांगितलं. जातीच्या कारणावरून हे घडल्याचं सिद्ध झालं नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली आणि हा सुडाचा प्रकार मानला. जात तिथेही सिद्ध झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल गेले.

न्यायालयाला पुरावा लागतो, कायद्याच्या चौकटीत पुरावा लागतो. निकालावर मी इथे वाद घालत नाही. मी आपल्याबद्दल बोलतोय. त्या दिवसांत मी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत हेच ऐकलं की “हे जातीचं प्रकरण नाही जी, उगाच जातीचा रंग देऊन राहिले”. सांगणारे सगळे माझ्यासारखे. घरातले, नात्यातले, चांगले लोक. आणि मी? मी मान हलवत होतो. मला वाद नको होता. माझं तेव्हाचं ते मान हलवणं मला आजही झोपू देत नाही.

चार माणसं मेली आणि अख्ख्या जिल्ह्यात एकही जातीवादी माणूस सापडला नाही. भंडाऱ्याचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे, असं मला कधीकधी वाटतं.

त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीत म्हणाले की अस्पृश्यतेशी तुलना होईल अशी एकच गोष्ट जगात होती, दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद. पाच वर्षांपूर्वी डर्बनला जे बोलायचं नव्हतं, ते देशाच्या पंतप्रधानांनी बोललं. खैरलांजीला तेव्हा तीन महिने होत होते.

‘पण काँग्रेसनेही...’

हो. मला कमेंटमध्ये हे लिहून येणार, म्हणून आधीच लिहितो. १९५४ ला बाबासाहेबांना हरवणारी काँग्रेस होती. २००६ ला राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं आणि नक्षलवादाची शंका घेणारे गृहमंत्री त्यातलेच होते. खैरलांजीचा जमाव कोणत्या शाखेतून आला नव्हता, तो आपल्यासारख्या बहुजन शेतकऱ्यांच्या घरांतून आला होता. आणि आपला मतदारसंघ काही एका पक्षाला बांधलेला नाही. २०१४ ला भाजप, २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादी, २०१९ ला परत भाजप, २०२४ ला काँग्रेस. झेंडे बदलत राहिले, फळी हलली नाही.

मग मी राष्ट्रवादाच्या राजकारणाबद्दलच का बोलतो? कारण फरक आहे. बाकीच्यांकडे भेदभाव हा लपवायचा आजार असतो. पकडला गेला तर निदान लाज वाटते. या राजकारणात एका समाजाला संशयित ठरवणं हे उघड कामच आहे. व्यासपीठावरून सांगितलं जातं, टाळ्या पडतात. तिथे ‘मी द्वेष करत नाही’ म्हणणारा माणूस आपल्या मनाचा दाखला देतो आणि टाळी मात्र त्या वाक्याला देतो. रस्ता चांगला झाला म्हणून दिली, नेता कणखर वाटला म्हणून दिली, देशाचा अभिमान वाटला म्हणून दिली, कारण काहीही असो. टाळीच्या आवाजात कारण ऐकू येत नाही. ठेलेवाल्याला तर नाहीच येत.

आणि आपण बहुजनांनी हे सगळ्यात आधी ओळखायला पाहिजे. कारण रेघ ओढणाऱ्याच्या हातात एकदा खडू दिला, की ती रेघ आज जिथे आहे तिथेच राहील याची हमी कोण देणार? आज आपण आत आहोत म्हणून खूश. उद्या ‘तुमच्या आरक्षणामुळे देश मागे पडला’ म्हणणारा उभा राहील, तेव्हा तोही आधी हेच म्हणेल, “मी काही जातीवादी नाही, पण...”

मग विचारायचं काय?

‘तू द्वेषी आहेस का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, सगळे नाहीच म्हणणार, आणि बहुतेक जण खरंच म्हणणार. त्याऐवजी काही साधे प्रश्न आहेत, स्वतःलाही आणि दुसऱ्यालाही विचारायचे.

मी काय पुढे पाठवलं? माझ्या समोर बोललं गेलं तेव्हा मी काय बोललो? ज्याला मत दिलं, तो शेजाऱ्याबद्दल जाहीरपणे काय म्हणाला, आणि त्या वेळी मी नाराजी कळवली का? माझी खोली रिकामी आहे, ती मी कोणाला भाड्याने देणार नाही? माझ्या घरात फळी आहे का, आणि आता तिच्यावर कोणाचा कप आहे?

या प्रश्नांना मनाचा दाखला चालत नाही. कामच दाखवावं लागतं.

मी दोस्ताला फोन केला. ग्रुपवर वाद घातला नाही, त्याने कोणी सुधारत नाही. त्याला म्हटलं, तू ज्या माणसाकडून घर रंगवतो, त्याला हा मेसेज स्वतः वाचून दाखव. त्याच्या तोंडावर. मग सांग की मी द्वेष करत नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ते कसं दाखवू गा? त्याला वाईट वाटल ना.”

म्हटलं, बस, एवढंच विचारायचं होतं.

मेसेज त्याने डिलीट केला की नाही, मला माहीत नाही. ग्रुपवर तर तसाच आहे, इतरांनी पुढे पाठवलेला. पण ‘त्याला वाईट वाटल’ हे त्याला आतून माहीत होतं, आणि मलाही २००६ ला माहीत होतं. न कळल्यामुळे आपण गप्प बसत नाही. कळत असतं, आणि ‘पण’ म्हणून आपण पुढे जातो.

तेवढ्या ‘पण’पाशी थांबता आलं तरी पुष्कळ.

पटलं नसेल तर खाली लिहा, शिव्या सोडून. आणि तुमच्या घरच्या फळीची गोष्ट असेल तर तीही लिहा. माझी मी सांगितली.